गळ्याशी आलेला श्वास

घाऊक फुलबाजारात त्याला सगळे भोंगा म्हणायचे. खऱ्या नावाने हाक मारली तर तो वळूनसुद्धा बघायचा नाही. लिलावाच्या ओट्यावर तो उभा राहिला की पार मागच्या दाराशी टेम्पोतून पेट्या उतरवणाऱ्या हमालांनाही भाव ऐकू जायचा. बाजारात लाउडस्पीकर बसवायचा विषय अडत्यांच्या बैठकीत अधूनमधून निघायचा, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणायचं, "भोंगा आहे ना, मग कशाला?" की विषय हसण्यावारी जायचा.

बोली लावणारे एकमेकांची तोंडं बघत उभे राहिले की तो वरून हाणायचा, "शेठ, गुलाब आहेत हे, दगड नाहीत! तुमचं ठरेपर्यंत कोमेजतील, आणि त्यांच्याबरोबर मीही!" लोक हसायचे, आणि हसता हसता एखादा हात वर जायचा. शेजारच्या ओट्यावर लिलाव करणारा त्याचा जुना दोस्त, जाड भिंगांमुळे चष्मिस म्हणून ओळखला जाणारा, कायम कुरकुरायचा, "लेका, तुझ्या ओरडण्यात माझं गिऱ्हाईक मला सोडून तुझ्याच मालावर बोली लावतं."

हा असा माणूस. एका हातात सिगारेट, दुसऱ्या हातात ग्लॅडिओलसची जुडी आणि गळ्यात तो आवाज.

तोच आवाज बसला. आधी कुणी मनावर घेतलं नाही, त्याने तर नाहीच. गरम पाण्याच्या गुळण्या झाल्या, मध झाला, आलं झालं. चष्मिस म्हणाला, "भोंग्याला गंज चढला." भोंगा हसला, पण हसण्याचाही घोगरा आवाज आला. पुढे घास गिळताना कानात कळ यायला लागली, आणि बायकोने एक दिवस दाराला कुलूप लावून किल्ली पदराला बांधली. म्हणाली, "आधी डॉक्टर. मग बाजार."

इस्पितळात नाकातून बारीक दुर्बीण घातली. सर्जनबाई तरुण होत्या, केस आखूड, बोलणं सरळ. पडद्यावर त्यांनी त्याच्याच घशाचं आतलं चित्र दाखवलं. ओला, गुलाबी बोगदा, आणि त्यात एका बाजूला फुलकोबीसारखी वाढलेली एक पांढुरकी गाठ.

"काका, घशातून खाली दोन वाटा जातात," त्या म्हणाल्या. "पुढची हवेची, मागची अन्नाची. हवेच्या वाटेच्या तोंडाशी ही कूर्चेची पेटी असते. स्वरयंत्र. त्यात दोन पट्ट्या. हवा जाता-येता त्या थरथरतात, तोच तुमचा आवाज. गिळताना हीच पेटी मिटते, वरून झाकण पडतं, म्हणून घास फुप्फुसात जात नाही. तुमच्या गाठीने दोन्ही पट्ट्या धरल्यात आणि कूर्चाही. तुकडा काढून भागणार नाही. पेटी पूर्ण काढावी लागेल."

"म्हणजे आवाज गेला," भोंगा कसाबसा म्हणाला.

"तो आवाज गेला. पण त्याहून महत्त्वाचं ऐका. पेटी काढली की खालच्या श्वासनलिकेचं टोक मोकळं राहतं. ते पुन्हा घशाला जोडता येत नाही, नाहीतर खाल्लेलं सगळं फुप्फुसात उतरेल. म्हणून आम्ही ते पुढे वळवतो आणि मानेच्या कातडीला शिवतो. इथे." त्यांनी स्वतःच्या गळ्याच्या खळग्यात बोट टेकवलं. "पुढे आयुष्यभर श्वास इथून."

"आणि नाक?"

"नाक राहील. तोंडही राहील. पण फुप्फुसांशी त्यांचा संबंध संपला."

मरणाची भीती घेऊन तो आत शिरला होता. तिची त्याने मनाशी थोडी तयारीही केली होती. ही भीती वेगळी होती. बाहेरच्या बाकड्यावर बसून त्याने नाक चिमटीत धरलं आणि तोंड मिटून घेतलं. छाती लगेच धडपडायला लागली. त्याने घाबरून नाक सोडलं, आणि आत शिरलेल्या त्या हवेची गार वाट त्याला जन्मात पहिल्यांदा जाणवली. नाकपुड्या, टाळूच्या मागे, घसा, छाती. बायकोने त्याचा हात धरला. तिचा हात त्याच्याहून गार होता.

शस्त्रक्रियेनंतर शुद्ध आली तेव्हा त्याने सवयीने तोंड उघडून श्वास ओढायला बघितलं. तोंडात काहीच आलं नाही. जिवाचा थरकाप झाला. त्याने आणखी मोठा आ केला, डोळे फाडले, आणि तेवढ्यात छाती आपोआप भरली. हवा कुठून आली तेच कळेना. हनुवटीच्या खाली कुठेतरी फुसफुस ऐकू येत होती, जणू पलंगाखाली कुणीतरी दुसराच माणूस श्वास घेत होता. तो ओरडला. तोंड हललं, आवाज निघाला नाही. नर्स धावत आली आणि म्हणाली, "शांत व्हा काका, सगळं ठीक चाललंय." ठीक या शब्दाची त्याला त्या क्षणापासून चीड आली.

आरसा त्याने बरेच दिवस मागितला नाही. मागितला तेव्हा सर्जनबाई स्वतः घेऊन आल्या, बायकोलाही जवळ बसवलं. मानेच्या बुडाशी नाण्याएवढं भोक होतं, कडा लालसर, आत ओलसर अंधार. श्वासाबरोबर त्या अंधारात काहीतरी हलायचं. त्याने आरसा उलटा ठेवला.

"घाण वाटतं ना?" बाई म्हणाल्या. "वाटू दे. पण ओळख करून घ्या, कारण आता हेच तुमचं नाक. खरं नाक नुसतं भोक नसतं हो. येणारी हवा ते गरम करतं, ओली करतं, धूळ गाळतं. आता ते काम करणारं कुणी नाही. बाहेरची हवा जशी असेल तशी थेट आत. श्वासनलिकेच्या आतून बारीक केस असतात, ते चिकट स्राव धुळीसकट वर ढकलत राहतात, झाडूसारखे. हवा कोरडी असली की तो स्राव वाळतो. खपली धरते. नलिका खाली दुभंगते, तिच्या फांद्या होतात, फांद्यांना फांद्या, शेवटी द्राक्षांच्या घडांसारखे इवले फुगे, ज्यांच्या पातळ भिंतीतून रक्त प्राणवायू उचलतं. एवढा मोठा पसारा, पण त्याला वरून वाट एकच. ती खपलीने बुजली तर..."

"तर?" बायकोने विचारलं.

"तर फार वेळ हातात नसतो. आणि तोंडाने, नाकाने कितीही हवा दिली तरी उपयोग नसतो."

भोंग्याने ते वाक्य ऐकलं आणि ते त्याच्या डोक्यात घर करून बसलं. बायकोने मात्र कामाचं तेवढं उचललं. भोकात सलाईनचे थेंब कसे टाकायचे, स्राव ओढायच्या यंत्राची नळी किती आत घालायची, ओलं सुती फडकं गळ्यावर कसं लटकवायचं. पहिल्यांदा नळी घातली तेव्हा त्याला असा काही ठसका लागला की मानेतून उडालेला गोळा समोरच्या भिंतीवर बसला. बायकोने भिंत पुसली आणि म्हणाली, "नेम चांगलाय."

घरी आल्यावर रोजच्या साध्या गोष्टींनी त्याचं धाबं दणाणायला लागलं. अंघोळ. तांब्याने डोक्यावर पाणी घेणं म्हणजे विहिरीत उडी मारण्यासारखं, कारण चार थेंब मानेवरून ओघळले तर थेट फुप्फुसात. तो बसून, मान खाली घालून, एका हाताने भोकावर आडोसा धरून अंग पुसायचा. पावडरीचा डबा, मांजर, उडणारं चिलट, गादीतला कापूस, सगळे वैरी झाले. झोपताना पांघरूण गळ्यावर येऊ नये म्हणून तो ते कमरेपाशी खोचायचा, आणि डोळा लागला की आपण तोंड बांधलेल्या पोत्यात आहोत असं स्वप्न पडून दचकून उठायचा. बायको शेजारी जागीच असायची. ती त्याच्या मानेतली फुसफुस ऐकत पडून राहायची. फुसफुस थांबली तर काळजी, आणि शिट्टीसारखी वाजली तरी काळजी.

काही गोष्टी हळूच कळत गेल्या. पाण्याची भरलेली बादली उचलायला गेला आणि हातात बळच नाही. जोर लावायचा तर श्वास छातीत कोंडावा लागतो, आणि कोंडायला झाकणच उरलं नव्हतं. मानेतून हवा भस्सकन निघून जायची आणि बादली जिथल्या तिथे. बायकोने निशिगंधाची जुडी आणून नाकाशी धरली, तर त्याला वासच येईना. हवा नाकातून गेलीच नाही तर वास कुठून येणार! ज्या माणसाने उभा जन्म फुलांत काढला, त्याला आता गुलाब आणि कागद सारखाच. एकदा त्याने गरम चहावर फुंकर मारली. चहा तसाच, आणि गळ्यावरचं फडकं फडफडलं. बायकोला हसू आवरेना. मग तोही हसला. हसू मानेतून फुस्स फुस्स करत बाहेर पडलं, तशी ती आणखी हसली, आणि मग एकदम रडायला लागली.

बोलायला शिकवायला इस्पितळात एक ताई होत्या. हवा गिळायची, अन्ननलिकेत धरायची आणि ढेकरासारखी वर सोडताना तोंडाने शब्द घडवायचा. भोंग्याला सुरुवातीला ढेकर येतच नव्हता. त्याने पाटीवर लिहिलं, 'लहानपणी ढेकर दिला म्हणून मार खाल्ला, आता देत नाही म्हणून तुमची बोलणी खातोय.' महिनोन्‌महिने घासल्यावर बेडकासारखा एक आवाज निघायला लागला. एकेक शब्द, मग थांबा, पुन्हा हवा गिळा. बायकोला कळायचं. दुसऱ्या कुणासमोर त्याने तोंड उघडलं नाही. ज्याच्या हाकेने बाजार हलायचा, त्याने लोकांसमोर डरांव डरांव करायचं?

बाजारात तो परत गेला तो गळ्याला जाड मफलर गुंडाळून. अडत्याने त्याला शीतगृहात काम दिलं. फुलांच्या जुड्या निवडायच्या, मान टाकलेली फुलं बाजूला काढायची. बोलायची गरज नाही. लोकांना त्याने एवढंच कळू दिलं की घशाचं ऑपरेशन झालंय आणि आवाज गेलाय. मफलरच्या आत काय आहे ते कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे समजत होते की भोंगा बाकी सगळ्यांसारखाच नाकाने श्वास घेतो.

चष्मिसला काहीतरी शंका असावी. तो यायचा, बोलायचा, पण बोलताना नजर भोंग्याच्या कपाळावर. चुकूनही हनुवटीखाली नाही. एकदा मफलर जरा सैल झाला तर चष्मिसने घाईने पाठ फिरवून पेट्या मोजायला घेतल्या.

बायको रोज म्हणायची, "अहो, तिथल्या माणसांना सांगून ठेवा. कधी काही झालं तर कुणाला काय कळणार?"

तो मान हलवायचा. फार मागे लागली तर हवा गिळून म्हणायचा, "काय... सांगू? भोक... दाखवू?"

"दाखवा! त्यात लाजायचं काय? नाहीतर मीच येऊन सांगते."

"माझी... शपथ."

शपथेपुढे तिचं काही चालायचं नाही, पण सकाळी सलाईनची छोटी प्लास्टिकची कुपी त्याच्या शर्टाच्या खिशात घालून वरून दोनदा थोपटायची.

बाजारात त्याला सगळ्यात जास्त भीती पाण्याच्या पाइपाची. पेट्यांवर पाणी मारणारी माणसं कुठेही पाइप फिरवायची, आणि तो लांबूनच भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. एकदा फवारा मफलरवर आला आणि त्यातून झिरपलेल्या चार थेंबांनी त्याला असा ठसका लागला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. "सर्दी झालीय वाटतं भोंग्याला," कुणीतरी म्हणालं. त्याने मान डोलावली.

शीतगृह त्याला सुरक्षित वाटायचं. तिथे पाइप नव्हता, धूळ नव्हती. घात नेमका तिथेच झाला.

हवा कोरडी व्हायला लागली होती. शीतगृहात धुकं सोडणारं यंत्र बंद पडलं होतं, पंखे मात्र चालू. गार, कोरडा वारा दिवसभर त्या भोकात शिरत होता. त्या सकाळी घरून निघतानाच मानेत बारीक शिट्टी वाजत होती. बायको शेजारणीकडे गेली होती. तिला दिसलं असतं तर तिने सोडलं नसतं. तो तसाच निघाला.

लिलाव ऐन रंगात होता. शीतगृहात तो आणि दोन निवडणाऱ्या बायका. शेवंतीची जुडी सोडताना त्याला वाटलं, आपण धावून आल्यासारखे का धापतोय? शिट्टी वाढली. मग बारीक झाली. श्वास घ्यायला आता ओढ लावावी लागत होती, जणू कुणी रुंद वाट काढून घेऊन तिथे कोल्ड्रिंकची नळी बसवली होती, आणि ती नळीही कुणीतरी हळूहळू चिमटीत दाबत होतं. त्याने खोकायचा प्रयत्न केला. आत काहीतरी फटकन वर आलं, झडपेसारखं वाटेत आडवं झालं, आणि हवा थांबली. पुन्हा सुटली. पुन्हा थांबली.

त्याला सर्जनबाईंचा चेहरा दिसला. फार वेळ हातात नसतो.

तो दाराकडे धावला. दाराची जड मूठ त्याने दोन्ही हातांनी ओढली, पण जोर लावायला श्वासच नव्हता. मूठ हलली नाही. तो दाराशीच कोसळला. बायकांपैकी एकीने किंकाळी फोडली, दुसरीने दार उघडलं, आणि चार हातांनी त्याला उचलून बाहेरच्या बांधणीच्या शेडमध्ये टेबलावर आडवं केलं.

"गारठला! काकडलाय बघ कसा, ओठ निळे पडलेत!"

"पाय चोळा!"

"पांघरूण आणा, आधी पांघरूण!"

एक जाड ब्लँकेट आलं आणि लोकांनी मोठ्या मायेने ते त्याच्या हनुवटीपर्यंत घट्ट गुंडाळलं. मफलर त्याच्या आत. भोक मफलरच्या आत. भोंग्याच्या डोळ्यांसमोर अंधारी आली. त्याने दोन्ही हातांनी ब्लँकेट ओढलं.

"झटके येतायत! हात धरा त्याचे!"

धरले. चांगल्या दणकट हमालांनी धरले. त्यांच्या तोंडावर काळजी होती, आणि तेच सगळ्यात भयंकर होतं. मारणारी माणसं असती तर निदान त्यांना कळलं असतं काय करतोय ते.

बाजाराचा रखवालदार प्राणवायूची छोटी टाकी घेऊन धावत आला. प्रथमोपचाराचं शिक्षण घेतलेला तो एकटाच. त्याने पुस्तकात होतं तसं सगळं बरोबर केलं. मुखवटा नाकातोंडावर बसवला, पट्टा डोक्यामागे घेतला, चावी सोडली. प्राणवायू सुसू करत आला. ओठांना गार लागला, गालांत भरला, टाळूला भिडला. भोंग्याला तो जिभेवर जाणवत होता. हवी तेवढी हवा तोंडात होती, आणि खाली छातीत तिचा एक कणही उतरत नव्हता. मधली वाटच कापून काढलेली होती.

त्याने बोलायचं ठरवलं. मुखवट्यातली हवाच त्याने गिळली, सगळं लक्ष घशाशी आणलं, आणि सोडली.

"मा... न."

"काय म्हणतोय? आई म्हणतोय का?"

"पाणी! पाणी म्हणतोय, ओठ बघा!"

मुखवटा बाजूला झाला आणि पेला ओठांना लागला. अर्धं पाणी त्याने जिवाच्या आकांताने गिळलं. अर्धं हनुवटीवरून खाली निघालं. ते मफलरकडे जाताना त्याला थेंब न् थेंब कळत होता. वर श्वास नाही, आणि आता खालून पाणी. त्याने मान वळवून ओघ खांद्याकडे वळवला. कान वाजायला लागले. माणसांचे आवाज लांब गेले.

त्या लांबच्या आवाजात एक ओळखीचा आला. "सरका! अरे सरका बाजूला!" चष्मिस लिलाव सोडून पळत आला होता. तो डोक्याशी वाकला आणि नेहमीसारखा कपाळाकडे बघत म्हणाला, "भोंग्या, लेका, काय झालं रे?"

हात धरणाऱ्या हमालाचं लक्ष त्याच्याकडे गेलं, पकड ढिली पडली. भोंग्याने एक हात सोडवला. त्याने चष्मिसचं मनगट पकडलं आणि ओढलं, ब्लँकेटखाली, मफलरच्या वेढ्यांत, ओल्या फडक्याच्या मागे, आणि त्याची बोटं थेट भोकावर दाबून धरली.

चष्मिस किंचाळला. बोटांखाली कातडी नव्हती, पोकळी होती, आणि ती पोकळी त्याची बोटं आत ओढत होती. अगदी क्षीण. थांबत थांबत. त्याने हात मागे खेचला, चेहरा पांढराफटक पडला होता. मग त्या ऑपरेशननंतर पहिल्यांदा त्याने भोंग्याच्या हनुवटीखाली बघितलं.

"अरे देवा," तो म्हणाला. "हा नाकाने नाही घेत. हा इथून घेतो! काढा ते! सगळं काढा! गळ्यावरचं काढा!"

ब्लँकेट गेलं, मफलर फाटला. बायकांपैकी एक मटकन खाली बसली. चष्मिसने रखवालदाराच्या हातातून मुखवटा हिसकावून मानेवर धरला. शिट्टी वाजली, पण आत जेमतेमच जात होतं. भोंगा मोकळ्या हाताने स्वतःच्या छातीवर मारत होता, एकाच जागी, खिशावर.

"खिसा? खिशात काय? हे?" चष्मिसने कुपी काढली, टोक दातांनी तोडलं. "कुठे घालू? तोंडात?"

भोंग्याने बोट मानेला लावलं.

चष्मिसचा हात इतका कापत होता की पहिले थेंब छातीवर पडले. "मला जमणार नाही रे," असं पुटपुटत त्याने दुसऱ्या हाताने आपलंच मनगट धरलं, आणि पुढचे थेंब आत गेले. भोंग्याचं सगळं अंग धनुष्यासारखं ताणलं. पोट आत गेलं, बरगड्या वर आल्या, आणि मानेतून असा एक खोकला फुटला की टेबल हललं. काळपट, वाळक्या सालीसारखी खपली उडाली आणि चष्मिसच्या चष्म्यावर बसली.

मग हवा आली.

ती आत गेली, फांद्यांत शिरली, पार तळापर्यंत. भोंग्याने ती तळाशी पोचताना अनुभवली असं तो पुढे सांगायचा, आणि डॉक्टरांनी तसं काही जाणवत नसतं असं सांगितलं तरी ऐकायचा नाही. ओठांचा निळा रंग उतरला. तो रडत होता, पण हुंदक्याला आवाज नव्हता. नुसते डोळे वाहत होते आणि मान फुसफुसत होती. चष्मिसने मुखवटा रखवालदाराच्या हाती दिला, "इथेच धरा, मानेवरच," असं बजावलं, पेट्यांच्या ढिगामागे गेला आणि भडाभडा ओकला.

इस्पितळात सर्जनबाईंनी आत दुर्बीण घालून उरलेल्या खपल्या काढल्या. बायको आली ती अनवाणी. तिने आधी त्याची मान बघितली, मग चेहरा. त्याला वाटलं, आता बोलेल. पलंगाशेजारी बसून तिने त्याच्या शर्टाचा रिकामा खिसा हातात धरला. मग म्हणाली, "तुमची शपथ मी मोडणार आहे. बाजारात येऊन सगळ्यांना सांगणार." त्याने मान डोलावली.

ती वेळ तिच्यावर आली नाही. बाजारात परतला त्या सकाळी लिलाव सुरू व्हायच्या आधी भोंगा ओट्यावर चढला. बाजार गप्प झाला. त्याने फडकं बाजूला केलं. काहींनी तोंड फिरवलं, कुणी जीभ चावली. त्याला घाम फुटला होता, या ओट्यावर असं पूर्वी कधी झालं नव्हतं. हवा गिळून तो म्हणाला, "नाक... नाही. इथे." मागच्या दारापर्यंत काही पोचलं नाही. मग चष्मिस शेजारच्या ओट्यावरून त्याच्यासाठी ओरडला, "ऐका रे! याला काही झालं तर गळा मोकळा ठेवायचा! हवा द्यायची ती मानेत! आणि याच्याजवळ पाइप आणलात तर तंगडी मोडीन!" कुणीतरी हसलं, आणि मग कामं सुरू झाली.

शीतगृहात तो पुन्हा गेला नाही. उघड्या शेडमध्ये निवडायचं काम त्याने मागून घेतलं. चष्मिस आता बोलताना मानेकडेही बघतो, जरा जास्तच बघतो, शिट्टी वाजतेय का म्हणून. भीती मात्र गेलेली नाही. वारा कोरडा सुटला की भोंगा खिशातली कुपी चाचपून बघतो. ब्लँकेट दिसलं तरी हात आपोआप गळ्याशी जातो.

मध्यंतरी सर्जनबाईंनी त्याला बोलावून घेतलं. वॉर्डात एक बसकंडक्टर बाई होती, त्याच शस्त्रक्रियेसाठी आलेली. ती कुणाशी बोलत नव्हती, जेवत नव्हती, भिंतीकडे तोंड करून पडून होती. भोंगा स्टुलावर बसला. हवा गिळली.

"मी... लिलाव... करायचो," तो म्हणाला.

त्या आवाजाने ती दचकून वळली. त्याच्या गळ्यावरच्या फडक्याकडे बघत घोगऱ्या आवाजात म्हणाली, "काका, खरं सांगा. भीती जाते का?"

हो म्हणावं असं त्याला फार वाटलं. दारात उभी असलेली बायको त्याच्याकडे बघत होती.

"नाही... जात," तो म्हणाला. "मलाही... वाटते. रोज."

ती उठून बसली आणि म्हणाली, "दाखवा."

त्याने फडकं वर केलं. ती वाकून बघत राहिली. आतला तो ओलसर अंधार श्वासाबरोबर हलत होता. तिच्या अंगावर काटा आलेला त्याला दिसला, पण तिने नजर काढली नाही.

"शिंक आली तर?" तिने विचारलं.

"इथूनच," त्याने रुमाल काढून मानेशी धरून दाखवला. "नाकाशी... हात... नेऊ नका. समोरचा... भिजतो."